जुना फ्लॅट घेताना आणि विकताना तज्ज्ञाकडून तपासणी: पैसे वसूल होतात का?

चौथा_मजला:
कोथरूडला रीसेलचा २ बीएचके बघतोय. इमारत २००१ची, आरसीसी, चार मजली. फ्लॅट सगळ्यात वरचा. आत ताजा रंग दिलाय, हॉल आणि मोठ्या बेडरूमला पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. विसार अजून दिलेला नाही. एजंटचं म्हणणं, कर्जासाठी बँकेचा माणूस येऊन बघणारच आहे, वेगळी तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. एक तपासणीवाले थर्मल कॅमेरा वगैरे घेऊन येतात, त्यांना बोलवावं का? ते नक्की काय बघतात, आणि आपलं आपण काय बघू शकतो?

दुसरी बाजूही आहे. चिंचवडचा आमचा १ बीएचके विकायला काढायचाय. तिथे बाथरूमच्या मागच्या, म्हणजे बेडरूमकडच्या भिंतीला ओल आहे. विकणाऱ्याने आधी तपासणी करून घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं नाही का?

ओळंबा:
आधी एजंटचा मुद्दा निकालात काढू. बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. फ्लॅट अस्तित्वात आहे ना, मंजूर नकाशाशी जुळतो का, इमारतीचं वय किती, त्या भागात भाव काय, आणि कर्ज बुडालं तर किती वसूल होईल, एवढं त्याला सांगायचं असतं. नळ सोडून बघणं, माळ्यात डोकं घालणं हे त्याचं काम नाही आणि तो ते करतही नाही. तो अहवाल बहुतेक वेळा तुमच्या हातातही पडत नाही.

तपासणी करायची तर विसार देण्याआधी. विसार दिल्यावर सापडलेला दोष ही तुमची अडचण, आधी सापडलेला दोष हा भाव ठरवण्याचा मुद्दा. २ बीएचके नीट बघायला तीन-चार तास लागतात. पाऊण तासात उरकणारा फोटो काढून जातो, बाकी काही नाही.

वरच्या मजल्यावर पहिला संशय गच्चीवर. ताजा रंग आणि फॉल्स सीलिंग एकत्र दिसलं की मी तरी आधी हे बघेन:

माळ्याच्या आतला स्लॅब. रंगारी माळ्याच्या आत सहसा जात नाहीत, त्यामुळे घराचा खरा इतिहास तिथे वाचायला मिळतो. पिवळट वर्तुळं, पांढरा लोणा, फुगलेले पोपडे, गंजाचे तपकिरी ठिपके. टॉर्च स्लॅबला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडा. समोरून न दिसणारे उंचवटे आणि लांबी भरलेले चट्टे उठून दिसतात.

फॉल्स सीलिंगच्या आत. मालकाला विचारून एक-दोन डाउनलाइट खाली ओढा, स्प्रिंगवरच असतात. मेन स्विच आधी बंद. त्या भोकातून मोबाइल आत घालून व्हिडिओ घ्या, किंवा फोनला जोडायचा वायरीचा छोटा कॅमेरा मिळतो तो वापरा. मालक या एका गोष्टीला ठाम नाही म्हणाला, तर त्याचीही नोंद ठेवा.

मग ओट्याखालची कपाटं, भिंतीला टेकलेल्या वॉर्डरोबची मागची बाजू, खिडकीच्या खालचे दोन कोपरे. खिडकीखाली ओल असेल तर कारण बहुतेक तीनांतलं एक: बाहेरच्या बाजूने चौकट आणि भिंत यांमधलं सीलंट सुटलंय, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं धुळीने बुजलीत, किंवा खिडकीच्या पट्टीचा उतार बाहेर असायचा तो आत आहे.

नंतर गच्चीवर जा. बहुतेक ठिकाणी विटांच्या तुकड्यांचा कोबा (उतार देणारा थर) आणि वर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचं आवरण) असतं. मोझॅकला आरपार भेगा, भेगांतून उगवलेलं गवत, पॅरापेटला लागून काढलेला गोलाकार वाटा सुटलेला, पाणी जायच्या तोंडाशी खड्डा, सोलर हीटरच्या स्टँडचे बोल्ट थेट कोब्यात ठोकलेले; पाणी शिरतं ते याच जागांतून. उतार मीटरला साधारण १० मिमी तरी हवा. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे रेंगाळतं ते बघा. वरची टाकी नेमकी तुमच्या फ्लॅटवर आहे का तेही बघा. पावसाळ्यातच येणारी ओल गच्चीची, बारा महिने असलेली ओल टाकीची किंवा पाइपाची. शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारलं की हे दोन मिनिटांत कळतं, कॅमेऱ्याची गरज नाही.

गिलावा:
थर्मल कॅमेऱ्याबद्दल, कारण त्याचं प्रस्थ उगाच वाढवून ठेवलंय. हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही. पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, बस. ओल्या जागेवरून पाणी उडतं म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा थंड असते आणि चित्रात निळी दिसते. पण एसीचा झोत लागलेली भिंत, काँक्रीटचा बीम, मागे सावली असलेला भाग, हेसुद्धा निळेच दिसतात. म्हणून निळा डाग दिसला की तिथे मॉइश्चर मीटर लावलाच पाहिजे. पिनवाले मीटर लाकडासाठी जुळवलेले असतात, गिलाव्यावर त्यांचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. घरातल्या नक्की कोरड्या आतल्या भिंतीचा आकडा आधी घ्यायचा आणि संशयाच्या जागेची त्याच्याशी तुलना करायची. दुप्पट-तिप्पट आला तर ओल धरा. लोणा फुटलेल्या भिंतीवर क्षारांमुळे मीटर कोरड्यातही जास्त दाखवतो, हेही तपासणाऱ्याला माहीत हवं.

आणि मुख्य म्हणजे, एप्रिलमध्ये गच्चीची गळती पूर्ण वाळलेली असते. तेव्हा कॅमेरा आणि मीटर दोन्ही गप्प. शक्य असेल तर फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये, चार दिवस झड लागल्यावर बघा. नाहीतर माळा आणि डाउनलाइटचं भोक हीच साक्ष. "गच्चीवर पाणी कोंडून बघू" असं कुणी म्हणालं तर जपून. १० सेंमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन. जुन्या स्लॅबवर दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त नको, तेही एकेका भागात आणि सोसायटीच्या लेखी परवानगीने.

कॅमेरा खरा कामाला येतो तो वीज बोर्डावर. गीझर आणि एसी वीस मिनिटं चालू ठेवून बोर्डाचं चित्र घ्या. एखादा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) किंवा टर्मिनल शेजाऱ्यांपेक्षा बरंच गरम दिसलं तर तिथला स्क्रू ढिला आहे, नाहीतर वायर कमी जाडीची आहे.

मीटरबॉक्स:
वरचा शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा आहे. विजेचं थोडं पुढे सांगतो.

वीस-पंचवीस वर्षांच्या फ्लॅटमध्ये हमखास सापडणारी भानगड अशी: नंतर एसी बसवला, तो गीझरच्या जुन्या वायरवर जोडला, १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडायला लागला, म्हणून कुणीतरी ३२चा घातला. वायर मात्र २.५ चौ. मिमीचीच. एमसीबी वायरला वाचवायला असतो. तो वायरच्या ताकदीपेक्षा मोठा झाला की आधी वायर तापते आणि एमसीबी बघत बसतो. ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: दिवे-पंखे १.५ चौ. मिमी आणि ६ ते १० अँपिअर, १६ अँपिअरचे पॉइंट २.५ चौ. मिमी, एसी आणि गीझरला ४ चौ. मिमी आणि २० अँपिअर. वायरवर जाडी छापलेली असते. बोर्ड उघडून वाचता येते. उघडायचं काम इलेक्ट्रिशियनचं.

आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का? नसला तर ३० मिलिअँपिअरचा बसवायचा खर्च धरा. असला तर टेस्टचं बटण दाबा. पडला नाही तर तो शोभेचा आहे.

अर्थिंग: १६ अँपिअरच्या प्रत्येक पॉइंटवर तीन मापं घ्यायची. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे. न्यूट्रल-अर्थ लोड असूनही अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका, कुणीतरी सॉकेटमध्येच दोन्ही जोडून ठेवलेलं असू शकतं. सॉकेटकडे समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

वायरिंग जुनं वाटलं तर ५०० व्होल्ट डीसीवर मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणारं यंत्र) लावून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट बदलायचं. त्याआधी टीव्ही, स्टॅबिलायझर, एलईडी सगळं काढून ठेवायचं, नाहीतर आकडाही चुकेल आणि उपकरणंही जातील. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो तोही बघा. दोन एसी लावायचे असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल.

चौथा_मजला:
सगळ्यांचे आभार. आज परत जाऊन आलो. माळ्यात दोन पिवळी वर्तुळं आहेत, कोरडी. पण दुसरंच काहीतरी दिसलं: खाली पार्किंगमधल्या एका कॉलमला कोपऱ्यालगत उभी भेग आहे, साधारण तीन फूट, आणि भेगेच्या कडेने तपकिरी डाग. फ्लॅटच्या आत बीम आणि भिंत यांच्या जोडावर आडवी बारीक भेग आहे. दोन्ही सारख्याच गंभीर का?

गिलावा:
मुळीच नाहीत. आतली आधी सांगतो. बीमच्या तळाशी, वीट संपते तिथे सरळ आडवी केसासारखी भेग असेल, तर ती दोन वेगळ्या मालांच्या जोडाची भेग आहे. काँक्रीट आणि वीटकाम वेगवेगळ्या प्रमाणात आकसतं-प्रसरतं, आणि जोडावर गिलावा करताना जाळी मारलेली नसते. भेग उघडून जाळी लावून पुन्हा गिलावा केला की विषय संपला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, रुंद होत जाणारी भेग असती तर जास्त विचार केला असता.

पार्किंगची गोष्ट वेगळी. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी भेग आणि गंजाचा डाग, म्हणजे आतली सळई गंजली आहे. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं, ते वरच्या काँक्रीटला आतून ढकलतं आणि सळईच्या रेषेतच भेग पडते. नाण्याने किंवा लहान हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा पापुद्रा सुटलाय. घाबरून पळायचं कारण नाही, हे दुरुस्त होतं. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासायचा, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला माल. सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी जोडायची. पण सगळ्या इमारतीत असे किती कॉलम आहेत हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसतं सिमेंट थापून रंग दिलेला कॉलम दिसला तर तो दुरुस्त झाला असं समजू नका, आत गंज चालूच असतो.

हे फ्लॅट तपासणाऱ्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, तेही महापालिकेचा परवाना असलेला. तो हातोड्यासारख्या यंत्राने पृष्ठभागाचा कठीणपणा बघतो, अल्ट्रासाउंडने काँक्रीटमधून लहरीचा वेग मोजतो, सेकंदाला ३.५ किमीच्या वर चांगलं, ३च्या खाली शंकास्पद. काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फ्थेलिन मारतो: गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला राखतंय, रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत त्याचा क्षारधर्म गेलाय. ही रंगहीन खोली सळईपर्यंत पोचली की गंज थांबवणारं काही उरत नाही.

सूची_दोन:
आणि हे इंजिनिअर बोलावणं तुमच्या खिशातून व्हायलाच हवं असं नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी व्हायला हवं. २००१च्या इमारतीची १५ वर्षं कधीच उलटली. सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागा. विकणारा सभासद आहे, त्याच्या अर्जावर मागितला तर सोपं जातं. "ऑडिट झालंच नाही" हेही एक उत्तरच आहे.

सोबत शेवटच्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर कितीदा भांडण झालंय, मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायचं ठरलंय का, पुनर्विकासाचा ठराव आहे का, सगळं त्यात असतं. पुनर्विकास खरंच पुढे गेला असेल तर टाइल्स आणि नळ तपासत बसण्यात अर्थ नाही, तेव्हा कागद तपासायचे. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे ते ताळेबंदात दिसेल. गच्चीची, म्हणजे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची असते. तुमच्या बाथरूमची आतली गळती तुमच्या खर्चाने. पण सोसायटीच्या खात्यात पैसे नसतील तर तो हक्क घेऊन तुम्ही बादल्याच लावत बसाल.

आता चिंचवडचं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५: मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायला हवा. ओल तुम्हाला माहीत आहेच. ती रंगाखाली दडपणं हाच धोंडा, तपासणी नव्हे. दुरुस्ती करा, बिल आणि आधी-नंतरचे फोटो फाइलला लावा, घेणाऱ्याला दाखवा. "ओल होती, अमुक महिन्यात हे काम केलं, हे बिल" असं सांगणाऱ्याशी घासाघीस कमी होते.

ओळंबा:
चिंचवडच्या ओलीचं कारण आधी शोधा, टाइल्स फोडायची घाई नको. ओल जमिनीपासून फूटभराच्या आत असेल तर संशय बाथरूमच्या फरशीवर, म्हणजे टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅपची (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाची) कडा, भिंत-फरशीचा जोड. तीन-चार फुटांवर, मिक्सरच्या (गरम-थंड पाण्याच्या नळाच्या) आसपास डाग असेल तर भिंतीतल्या पाइपाचा जोड. घर आठ-दहा दिवस बंद असूनही ओल तशीच राहत असेल तर पुरवठ्याच्या पाइपाची गळती जवळपास नक्की, कारण सांडपाणी वापर थांबला की थांबतं.

पाइपासाठी: प्लंबरकडून लाइन वेगळी करून हातपंपाने दर चौ. सेंमीला ५ किलोच्या आसपास दाब द्यायचा आणि तासभर काटा बघायचा. खाली आला तर गळती. लाइन जुन्या जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), गंजलेली असेल तर एवढा दाब देऊ नका, आहे तो जोडही जाईल.

फरशीसाठी: नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करायचं, उंबऱ्याच्या खाली राहील असं २५ मिमी पाणी भरायचं, टाइलवर पेन्सिलने खूण, आणि २४ तास थांबायचं. दोन-तीन मिमी पाणी उडून जातं, त्याहून जास्त उतरलं तर फरशीतून जातंय. खालच्या घरातला स्लॅबही बघून या. पाण्यात खाण्याचा रंग घातला तर खाली उतरलेलं पाणी तुमचंच की दुसऱ्या कुणाचं, हा वाद मिटतो.

फरशीचाच दोष निघाला तर आधी सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा आणि तीच चाचणी परत घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर खड्डा स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) उघडून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं, ते मोठं काम. बेडरूमकडचा लोणा लागलेला गिलावा ओलीच्या वर फूटभर जाईल इतका काढा आणि भिंत पूर्ण वाळू द्या, मगच नवा. ओल्या विटांवर गिलावा केला तर पहिल्या उन्हाळ्यात पोपडे परत. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी दोनेक महिने हे काम हाती घ्या.

एडिसनकर:
न्यू जर्सीत घर घेताना करारातच तपासणीची मुदत असते, तिथले तपासणीवाले राज्याचा परवाना असलेले असतात, आणि अहवालात मोठा दोष निघाला तर दुरुस्ती मागता येते, जमलं नाही तर बाहेर पडता येतं. जुन्या घरात अंगणाखाली गाडलेली तेलाची टाकी आहे का हेसुद्धा शोधतात, कारण ती गळली तर मातीच्या सफाईचा खर्च मालकाच्या गळ्यात. महाराष्ट्रात अशी अट करारात घालता येते का?

सूची_दोन:
छापील मसुद्यात नसते, पण घालायला कुणाची ना नाही. विसार पावतीत दोन ओळी: "खरेदीदार अमुक दिवसांत स्वखर्चाने तांत्रिक तपासणी करून घेईल. गळती, संरचना किंवा वीज यांतला दोष दुरुस्त करण्यावर किंवा त्यापोटी किमतीत वजावट करण्यावर एकमत न झाल्यास विसार पूर्ण परत." वकिलाकडून शब्द पक्के करून घ्या. विकणारा दहा दिवसांची मुदत द्यायला तयार होतो, महिनाभराची नाही.

आपल्याकडे घर तपासणाऱ्याला वेगळा सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे निवड तुमच्यावर. नमुन्याचा जुना अहवाल मागा. प्रत्येक दोषाला जागा, फोटो, मोजलेला आकडा, संभाव्य कारण आणि दुरुस्ती कुणाकडून, एवढं हवं. दोनशे मुद्द्यांतले दीडशे "दाराला ओरखडा" असे असतील तर तो अहवाल तुमच्यासाठी नाही, बिल फुगवायला आहे. तपासणारा स्वतःच वॉटरप्रूफिंगचंही काम घेत असेल तर त्याला ओल दिसणारच, दुसरा बघा.

गिलावा:
इतर कुणी नव्या फ्लॅटसाठी हा धागा वाचत असेल तर: रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. कायद्यातल्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, म्हणजे तीन वर्षं जुना रीसेल घेतलात तरी उरलेली दोन वर्षं तुमची. मात्र दोष लेखी कळवा, ईमेल किंवा पोचपावतीने. ताबा पत्रावर "सर्व काम समाधानकारक" असं आधीच छापलेलं असतं. तिथे दोषांची यादी जोडून "सोबतच्या यादीस अधीन राहून" असं हाताने लिहून मगच सही.

चौथा_मजला साहेब, तुमच्या जागी मी आधी ऑडिटचा अहवाल मागेन. सोसायटी टाळाटाळ करायला लागली तर तपासणीवाल्याचे पैसे स्ट्रक्चरल इंजिनिअरवर खर्च करून त्याला पार्किंग आणि गच्ची दाखवेन. माळा, डाउनलाइट आणि नळ तुम्ही स्वतः बघू शकता. दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवा. टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, त्यामुळे वरच्या मजल्यावरच दाब सगळ्यात कमी. दीड मिनिटात भरली तर ठीक, तीन मिनिटं लागली तर प्रेशर पंपाचा खर्च किमतीतून वजा मागा.